विक्रमचे शेवटचे १०८ तास

१०८ तास आधी
२ सप्टेंबर २०१९, सोमवार, दुपारी १.१५

गणेश चतुर्थीचा दिवस. बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात त्या दिवशी शुकशुकाट असतो. लेथ बंद, पॉवर प्रेस बंद, पावडर कोटिंगच्या भट्ट्या थंड. एरवी ऐकू न येणारी मेट्रो त्या दिवशी तुमकूर रोडवरून धडधडत गेलेली ऐकू येते. याच वसाहतीच्या दुसऱ्या टप्प्यात इस्ट्रॅक आहे. इस्रोच्या यानांचा माग ठेवणारं, त्यांना आज्ञा पाठवणारं हे केंद्र. तिथे सुट्टी नव्हती. दुपारी सव्वा वाजता चंद्राभोवती फिरणाऱ्या चांद्रयान-२ च्या ऑर्बिटरपासून विक्रम लँडर सुटा झाला. वजन १,४७१ किलो, पोटात २७ किलोचा प्रज्ञान रोव्हर. ऑर्बिटर तेव्हा ११९ किलोमीटर बाय १२७ किलोमीटरच्या कक्षेत होता.

मी याच वसाहतीत, इस्ट्रॅकपासून फार लांब नाही अशा एका छोट्या कंपनीत काम करतो. यंत्रांचं नियंत्रण करणाऱ्या सॉफ्टवेअरची चाचणी घेणं हे माझं काम. अवकाशाशी त्याचा काही संबंध नाही. पण त्या दुपारी बातमी वाचली आणि माझ्या डोळ्यांसमोर रोजचंच चित्र आलं. लिनक्समध्ये एक प्रोसेस ‘फोर्क’ म्हणून हाक देते आणि तिच्यातून दुसरी जन्माला येते. पहिली पेरेंट, दुसरी चाइल्ड. सुटी झाल्या क्षणापासून लेकराचं नशीब वेगळं. त्याची स्मृती वेगळी, त्याच्या चुका वेगळ्या, त्याचा शेवटही वेगळा.

जन्म तपासणं सोपं असतं. नंबर मिळाला की प्रोसेस जन्मली. अवघड असतो तो शेवट. लेकरू काम आटोपून संपलं तर जाताना एक आकडा मागे ठेवतं, एक्झिट कोड. शून्य म्हणजे सगळं सुखरूप. दुसरा कुठलाही आकडा म्हणजे काहीतरी बिनसलं, पण निदान सांगून गेलं. तिसरी तऱ्हा म्हणजे बाहेरून मारलं जाणं. तेव्हा शेलमध्ये १३७ दिसतो: १२८ अधिक ९, आणि ९ म्हणजे सिगकिल हा सिग्नल, जो अडवता येत नाही. चौथी तऱ्हा सगळ्यात वाईट. लेकरू संपतही नाही आणि बोलतही नाही. पेरेंट ‘वेट’वर बसून राहते. या चारही तऱ्हा मुद्दाम घडवून बघितल्याशिवाय चाचणी झाली असं म्हणता येत नाही. आणि खरं सांगायचं तर बहुतेक ठिकाणी फक्त पहिलीच घडवून बघितली जाते.

८९ तास आधी
३ सप्टेंबर, सकाळी ८.५०

विक्रमने कक्षा उतरवण्यासाठी पहिल्यांदा आपलं बळ वापरलं. अवघी ४ सेकंदं. हेतू एवढाच की सुटं झाल्यावर याची यंत्रणा स्वतंत्रपणे चालते का ते कळावं. चालली.

७० तास आधी
४ सप्टेंबर, पहाटे ३.४२

दुसरा धक्का, ९ सेकंदांचा. आता विक्रमची कक्षा ३५ बाय १०१ किलोमीटर. ऑर्बिटर वरच राहिला.

त्या दिवसापासून पुढचे दोन दिवस इस्ट्रॅकच्या आवारात काय चाललं असेल, याची कल्पना चाचणीचं काम करणाऱ्याला येते. करण्यासारखं हातात फार कमी उरलेलं असतं. आज्ञांची यादी वर गेलेली असते. आकडे तपासायचे, पुन्हा तपासायचे. उतरण्याची जागा मांझिनस-सी आणि सिम्पेलियस-एन या दोन विवरांच्या मधल्या सपाटीवर, साधारण ७१ अंश दक्षिण अक्षांशावर ठरलेली होती. नेमकं उतरायचं होतं ५०० मीटर बाय ५०० मीटरच्या चौकोनात. हा चौकोन लक्षात ठेवा.

६ तास आधी
६ सप्टेंबर, शुक्रवार, रात्री ८ च्या सुमारास

महाराष्ट्रात त्या दिवशी गौरीपूजन होतं. आईचा फोन आला, पुरणपोळी केल्याचं सांगितलं आणि शेवटी विचारलं, “तुमच्या शेजारीच आहे ना रे ते चंद्राचं?” मी हो म्हटलं. फाटक फक्त बाहेरून पाहिलंय, हे सांगितलं नाही.

त्या रात्री मी कंपनीत थांबणार होतो, कारण आमचीही एक चाचणी अडकली होती. ती इथे सांगतो, कारण त्या रात्रीचं जे काही मला पुढे समजलं ते तिच्यामुळेच समजलं.

एक हायड्रॉलिक प्रेस. तिचा व्हॉल्व्ह उघडझाप करणारा छोटा प्रोग्रॅम, आणि त्याच्यावर देखरेख करणारा मोठा. देखरेखीच्या प्रोग्रॅमने धाकट्याला थांबायला सांगायचं, तो थांबला नाही तर पाच सेकंदांनी मारायचं. चाचणी रोज हिरवी यायची. आठवडाभर हिरवी. शुक्रवारी दुपारी मी थांबवण्याच्या आज्ञेऐवजी देखरेख करणाऱ्यालाच सिगकिल दिला. तो तत्क्षणी मेला. धाकटा मेला नाही. अनाथ झाला, सिस्टिमने त्याला एक नंबरच्या प्रोसेसच्या पदरात टाकलं आणि तो सिरीयल पोर्ट घट्ट धरून बसला. व्हॉल्व्ह उघडा. प्रेसखाली काही नव्हतं आणि कुणाचा हातही नव्हता, कारण ते चाचणीचं यंत्र होतं. पण माझ्या पाठीवर काटा आला. आठवडाभर आम्ही थोरला नीट परत येतो का एवढंच बघत होतो. धाकट्याचं काय झालं हे कुणी विचारलंच नव्हतं.

मारणं आणि थांबवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पंधरा नंबरचा सिग्नल, सिगटर्म, म्हणजे “आवरतं घे”. त्यात लेकराला हात धुऊन, फाइल मिटवून, व्हॉल्व्ह बंद करून निघायला सवड मिळते. नऊ नंबरात ती सवड नाही. म्हणून चाचणी नेहमी नवाची घ्यावी.

१ तास आधी
७ सप्टेंबर, शनिवार, मध्यरात्रीनंतर

इस्ट्रॅकच्या नियंत्रण कक्षात इस्रोचे अध्यक्ष के. सिवन होते, प्रकल्प संचालक एम. वनिता आणि मोहीम संचालक रितू करिधाल होत्या. पंतप्रधान नरेंद्र मोदी तिथे होते. प्रश्नमंजुषेतून निवडलेली देशभरातली शाळकरी मुलं होती. बेंगळुरूजवळच्या ब्यालालूचा ३२ मीटर व्यासाचा अँटेना चंद्राकडे तोंड करून उभा होता.

आमच्याकडे रात्रपाळीला मी आणि निपाणीचे एक लेथ ऑपरेटर, वयाने माझ्या दुप्पट. मी त्यांना मामा म्हणतो. त्यांनी काम हातावेगळं केलं, हात पुसले आणि थेट प्रसारण लावलेल्या माझ्या स्क्रीनसमोर स्टूल ओढून बसले.

“साहेब, इथून बटण दाबून उतरवायचं का?”

“नाही मामा. त्याचं तोच उतरणार. इथून फक्त बघायचं.”

संदेश चंद्रापर्यंत जायला सव्वा सेकंदाहून जास्त, परत यायला तेवढाच वेळ. उतरताना एवढी उसंत नसते. त्यामुळे शेवटची पंधरा मिनिटं सगळे निर्णय विक्रममधल्या संगणकाचे.

१५ मिनिटे आधी
रात्री १.३८

इंजिनं पेटली. उंची सुमारे ३० किलोमीटर, वेग सेकंदाला १,६८३ मीटर. विक्रमला ८०० न्यूटनची पाच इंजिनं होती, चार कोपऱ्यांना चार आणि मधोमध एक. मधलं नंतर जोडलेलं, चंद्रावरची धूळ उडून त्रास होऊ नये म्हणून.

उतरण्याचे टप्पे आधी ठरलेले होते. सुरुवातीला सुमारे साडेदहा मिनिटांचं जोरदार ब्रेकिंग, ७.४ किलोमीटरपर्यंत. मग ३८ सेकंदांचा एक टप्पा, ज्यात यान आपला कल स्थिर ठेवतं आणि कॅमेऱ्यांनी खालची जमीन ओळखतं, ५ किलोमीटरपर्यंत. मग ८९ सेकंदांचं बारीक ब्रेकिंग, ४०० मीटरपर्यंत. तिथे थोडं तरंगायचं, पुन्हा १०० मीटरवर तरंगायचं, जागा बघायची आणि टेकायचं.

प्रत्येक टप्पा म्हणजे एक लेकरूच. तो संपतो तेव्हा त्याने सोडलेली उंची, वेग, कल आणि उरलेलं अंतर हीच पुढच्याची जन्मवेळ. मागचा वेडावाकडा संपला तर पुढचा कितीही हुशार असो, त्याची सुरुवातच वेडीवाकडी.

साडेचार मिनिटे आधी
रात्री १.४८

स्क्रीनवर एक लाल रेघ होती, ठरवलेला मार्ग. तिच्यावरून हिरवा ठिपका सरकत होता. पहिला टप्पा संपला तेव्हा ठिपका रेघेवरच होता. १,६८३ वरून वेग १४६ मीटरवर आला होता. कक्षात टाळ्या झाल्या. मामांनीही वाजवल्या.

३८ सेकंदे

मुद्दा इथे आहे, म्हणून इथे थांबतो.

नोव्हेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने लोकसभेत लेखी उत्तर दिलं. पहिला टप्पा ठरल्याप्रमाणे झाला, पण दुसऱ्या टप्प्यात वेग आखणीपेक्षा जास्त घटला. त्यामुळे बारीक ब्रेकिंग सुरू होतानाची स्थिती आखलेल्या मर्यादांच्या बाहेर गेली. पुढे २०२३ च्या जुलैमध्ये, चांद्रयान-३ निघण्याच्या आसपास, तेव्हाचे इस्रोचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी हेच उघडून सांगितलं. इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर दिला. कॅमेऱ्यासाठी यान स्थिर ठेवायचं होतं, म्हणून चूक त्याच क्षणी सुधारता आली नाही. ती साचत गेली. टप्पा संपल्यावर साचलेली सगळी चूक एकदम सुधारायची वेळ आली तेव्हा यानाला फार वेगाने वळावं लागलं. वळण्याच्या वेगावर सॉफ्टवेअरने मर्यादा घातली होती, कारण एवढ्या वेगाने वळावं लागेल असं कुणी धरलंच नव्हतं. त्यात तो ५०० मीटरचा चौकोन. जमिनीजवळ येत असतानाही यान तिथे पोहोचण्यासाठी वेग वाढवू बघत होतं. एकाच वेळी थांबायचं आणि धावायचं.

ताकद कमी पडेल ही भीती सगळ्यांना असते. ताकद जास्त पडेल, याची चाचणी घ्यायचं सुचत नाही. मला तरी सुचलं नसतं.

हे फक्त आपल्याकडे झालं असं नाही. ३ डिसेंबर १९९९ ला अमेरिकेचं मार्स पोलर लँडर मंगळावर हरवलं. चौकशीत सगळ्यात संभाव्य कारण असं निघालं की उतरण्याआधी पाय उलगडताना बसलेल्या धक्क्याने संवेदकांनी “जमीन लागली” असा खोटा निरोप दिला. सॉफ्टवेअरने तो जपून ठेवला आणि सुमारे ४० मीटर उंचीवर इंजिनं बंद केली. जमिनीवरच्या चाचणीत त्या संवेदकांची जोडणी चुकली होती. ती दुरुस्त केल्यावर टेकण्याची चाचणी पुन्हा घेतली, पाय उलगडण्याची घेतली नाही. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं स्किआपरेली मंगळावर उतरत असताना त्याचं फिरणं मोजणारं उपकरण जेमतेम एक सेकंद आपल्या कमाल मर्यादेला अडकून राहिलं. त्या आकड्यांवरून संगणकाने उंची उणे आली असं काढलं, म्हणजे यान जमिनीखाली! त्याने पॅराशूट सोडलं, इंजिनं सुमारे तीन सेकंदांत बंद केली. उंची तेव्हा ३.७ किलोमीटर होती. दोन्ही ठिकाणी टप्पा संपला नव्हता, पण संपल्याची खबर आली आणि कुणीही फिरून विचारलं नाही.

शेवटचे मिनिट

२.१ किलोमीटरच्या आसपास हिरवा ठिपका रेघ सोडून बाजूला गेला. मला वाटलं स्क्रीनचा दोष असेल. मामा स्टुलावरून उठले.

ठिपका खाली येत राहिला. शेवटचा आकडा जो दिसला त्यात उंची ३३० मीटरच्या आसपास होती आणि खाली येण्याचा वेग सेकंदाला सुमारे ६० मीटर. पाय बनवले होते सेकंदाला २ मीटरसाठी.

“साहेब, ठिपका थांबला.”

ठिपका थांबला होता, म्हणजे आकडे यायचे थांबले होते. यान थांबलेलं नव्हतं. ही गोष्ट मला तेव्हा कळली होती आणि मामांना सांगवली नाही.

२५ मिनिटांनंतर
रात्री २.१८ च्या सुमारास

कक्षात टाळ्या नाहीत, हालचाल नाही. स्क्रीनसमोर मंडळी नुसती बसलेली. मग सिवन यांनी सांगितलं की २.१ किलोमीटरपर्यंत उतरणं ठरल्याप्रमाणे होतं, त्यानंतर लँडरकडून संपर्क तुटला, आकडेवारी तपासली जात आहे. सकाळी पंतप्रधानांनी शास्त्रज्ञांसमोर भाषण केलं आणि निघताना सिवन यांना मिठी मारली. ते चित्र सगळ्यांनी पाहिलंय.

महाराष्ट्रात त्या सकाळी गौरी निघाल्या.

पुढचे १४ दिवस

विक्रमने एक्झिट कोड दिला नाही. पेरेंट मात्र वर जिवंत. ८ सप्टेंबरला सिवन यांनी सांगितलं की ऑर्बिटरने उष्णतेच्या छायाचित्रातून लँडरची जागा हेरली आहे. मग हाका सुरू झाल्या. इकडून इस्रोच्या, तिकडून नासाच्या अँटेनांच्या. दिवस ठरलेले होते, कारण विक्रमचं आयुष्य सूर्यावर अवलंबून, आणि चंद्रावरचा एक दिवस म्हणजे आपले साधारण १४. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी तिथे रात्र पडली आणि वाट बघण्याची मुदत संपली.

आमच्या कामात त्याला टाइमआउट म्हणतात. तो किती ठेवायचा यावर आम्ही तासन्‌तास वाद घालतो. ३० सेकंद की ६०? १४ दिवस हाका मारत बसण्याचं बळ त्या शब्दात मावत नाही.

डिसेंबरच्या सुरुवातीला नासाने लूनर रिकनिसन्स ऑर्बिटरची छायाचित्रं दाखवून अवशेष सापडल्याचं जाहीर केलं. पहिला तुकडा ओळखला होता चेन्नईच्या षण्मुग सुब्रमण्यन या अभियंत्याने, घरी बसून, जुनी आणि नवी छायाचित्रं शेजारी ठेवून. ठरलेल्या जागेपासून ५०० मीटरच्या आत विक्रम आपटला होता.

नंतर

आमच्या प्रेसची चाचणी मी सोमवारी बदलली. थोरल्याला नऊ नंबरने मारायचं आणि दहा सेकंदांनी धाकटा जिवंत आहे का ते बघायचं. जिवंत सापडला तर चाचणी लाल. धाकट्याला पहिल्याच ओळीत सांगून ठेवलं की थोरला गेल्याचा सिग्नल आला की आधी व्हॉल्व्ह बंद कर, मग मर. सहा महिन्यांत तीनदा ती चाचणी लाल झाली.

चांद्रयान-३ घडवताना इस्रोने प्रश्नच उलटा मांडला. काय काय चुकू शकतं, आणि चुकलं तरी उतरायचं कसं? मधलं इंजिन काढलं, चारच ठेवली. इंधन वाढवलं. पाय जास्त वेग सोसतील असे केले. वेग थेट मोजणारं लेझरचं उपकरण बसवलं. सगळं सॉफ्टवेअर आणि इंजिनं एकत्र जुंपून लँडर टॉवर क्रेनला टांगून चालवून पाहिला. ५०० मीटरच्या चौकोनाऐवजी ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटरची जागा दिली. ती जागा निवडताना जुन्या ऑर्बिटरच्या कॅमेऱ्याने काढलेली छायाचित्रं कामी आली. लेकरू गमावलेली तीच पेरेंट. प्रक्षेपण अचूक झाल्याने तिच्याकडे इंधन शिल्लक राहिलं होतं, आणि एक वर्षाचं धरलेलं आयुष्य सुमारे सात वर्षांचं झालं होतं. २१ ऑगस्ट २०२३ ला इस्रोने कळवलं की जुन्या ऑर्बिटरने नव्या विक्रमशी दोन्ही बाजूंनी संपर्क जोडला आहे.

२३ ऑगस्टला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी नवा विक्रम टेकला. पीण्यात त्या वेळी दिवसपाळी सुटत होती. मामा तेव्हा निवृत्त होऊन निपाणीला गेले होते. फोनवर त्यांनी एवढंच विचारलं, “ठिपका रेघेवर होता का?”

होता.

या विक्रमचा शेवटही ठरवून झाला. २ सप्टेंबर २०२३ ला प्रज्ञानला निजवलं. ३ तारखेला विक्रमने इंजिनं पेटवून सुमारे ४० सेंटिमीटर उडी मारली आणि शेजारी पुन्हा उतरला. ४ सप्टेंबरला सकाळी ८ च्या सुमारास, सूर्य मावळण्याआधी, इस्रोने त्याला निजायची आज्ञा दिली. त्याआधी उपकरणांनी घेतलेली माहिती पृथ्वीवर पोहोचली, उपकरणं बंद केली आणि रिसीव्हर तेवढे चालू ठेवले.